बंगल्याच्या पूलमध्ये बेडूक, साप, माकडं: नव्या पूलमालकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

ठाण्यात येऊरच्या उतारावर, घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला किंवा नवी मुंबईत बेलापूर-खारघरच्या डोंगराला लागून बंगला असेल आणि अंगणात पूल असेल, तर पहिल्या पावसानंतरच्या सकाळी पाण्यात काहीतरी तरंगताना दिसणार हे धरूनच चाला. बहुतेक वेळा बेडूक असतो. कधी उंदीर, कधी दिवड (बिनविषारी पाणसाप), कधी मांजराचं पिल्लू. मग पूलवाल्याला फोन जातो आणि तो सांगतो, "क्लोरीन वाढवा."

इथेच गणित चुकतं. पोहण्याच्या पाण्यात असतो तेवढ्या क्लोरीनने बेडूक पळत नाही, सापही नाही. क्लोरीन जंतू मारण्यासाठी आहे, राखणीसाठी नाही. तो वाढवला तर आत पडलेला बेडूक जरा लवकर मरतो आणि तुमचे डोळे चुरचुरतात, बाकी काही होत नाही.

प्राणी पूलमध्ये राहायला येत नाहीत. कुणी पाणी प्यायला येतं, कुणी किडे खायला, कुणी अंधारात चालता चालता पडतं. पडल्यावर गुळगुळीत टाइलवर पाय ठरत नाही, वर कोपिंगचा, म्हणजे काठावर बसवलेला दगड पुढे आलेला असतो, आणि रात्रभर कडेकडेने फेऱ्या मारून जीव दमून बुडतो. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी बाहेर पडायची वाट, मग त्यांना ओढून आणणारे दिवे आणि खाणं, मग आत यायच्या फटी. पाण्याचं रसायन सगळ्यात शेवटी, तेही प्राणी मेला किंवा विष्ठा पडली तरच.

## १. आधी सामान आणि कागद जमवा

ऐन वेळी, रात्री दहा वाजता, बॅटरी हातात घेऊन जाळी शोधण्यात अर्थ नाही. पंप रूमच्या दाराशी हे कायम हवं:

- लांब दांड्याच्या दोन जाळ्या: एक सपाट, पानं काढायची, दुसरी खोलगट, पिशवीसारखी. प्राणी उचलायला खोलगटच लागते. सपाट जाळीवरून बेडूक उडी मारून परत पाण्यात जातो.
- कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे, गमबूट, चांगल्या प्रकाशाची बॅटरी.
- दीड मीटर लांब एक लोखंडी आकडा (स्किमरचं, म्हणजे पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या तोंडाचं, झाकण उचलायला).
- जाड प्लास्टिकच्या काळ्या पिशव्या, एक जुनं जाड चादरीचं किंवा गोणपाटाचं कापड, रुंद फळी.
- टेस्ट किट. शक्यतो गुलाबी रंग दाखवणारं डीपीडी किट घ्या. स्वस्तातलं पिवळा रंग दाखवणारं किट एकूण क्लोरीन मोजतं. त्यातला कामाचा, मोकळा क्लोरीन किती, हे त्यावरून कळत नाही.

कागदांमध्ये पहिला कागद म्हणजे तुमच्या पूलमध्ये पाणी किती मावतं याचा हिशोब. तो पंप रूमच्या भिंतीवर चिकटवा. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, आणि उत्तराला १००० ने गुणलं की लिटर. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, उथळ बाजू १ मीटर आणि खोल बाजू दीड मीटर, म्हणजे सरासरी सव्वा मीटर: ४० हजार लिटर. पुढचे सगळे आकडे या मापाच्या पूलसाठी दिले आहेत, तुमच्या मापाने कमी-जास्त करा.

त्याच भिंतीवर फोन नंबर: वनविभागाची हेल्पलाइन १९२६, रुग्णवाहिका १०८, वनविभागाकडे नोंद असलेल्या जवळच्या सर्पमित्राचा नंबर, महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाच्या स्वच्छता विभागाचा नंबर, आणि प्रतिसर्पविष कायम ठेवणाऱ्या जवळच्या रुग्णालयाचा नंबर. रुग्णालयाला आत्ताच, गरज नसताना फोन करून विचारून ठेवा. पेस्ट कंट्रोलवाल्याला काम देणार असाल तर त्याच्या परवान्याची प्रत मागून घ्या. ती द्यायला खळखळ करणारा माणूस टाळलेला बरा.

## २. बाहेर पडायची वाट करा

एकच काम करायचं झालं तर हेच करा. काही शे रुपयांत होतं आणि सकाळी मेलेले बेडूक काढायची वेळ सहसा येत नाही.

तुमचा पूल ओव्हरफ्लो प्रकारचा असेल, म्हणजे पाणी काठोकाठ येऊन कडेच्या जाळीच्या गटरात पडत असेल, तर अर्धी अडचण आधीच सुटलेली असते. प्राणी काठावर सहज चढतो. स्किमरवाल्या पूलमध्ये मात्र पाणी काठापासून १० ते १५ सेंटिमीटर खाली असतं. बेडकाला तेवढी भिंत पुरते.

उतार असा करा:

१. काथ्याचं जाड पायपुसणं घ्या, साधारण ३० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब. काथ्याच हवा. प्लास्टिकच्या हिरव्या गवतावर ओल्या पायाच्या बेडकाची पकड बसत नाही, आणि गोणपाट महिन्याभरात कुजतो.

२. एका टोकाला दोन भोकं पाडून नायलॉनच्या दोरीने ते काठावरच्या हँडरेलला किंवा जड कुंडीला बांधा.

३. दुसऱ्या टोकाखाली, अगदी टोकाशी नाही तर एक वीत आत, घट्ट झाकण लावलेल्या दोन रिकाम्या बाटल्या बांधा. चटईचं टोक पाण्याखाली चार बोटं बुडलेलं राहायला हवं. तरंगतं टोक पाण्याच्या वर राहिलं तर प्राणी त्याच्या खालून निघून जातो.

४. चटई भिंतीपासून पाण्याच्या मधल्या दिशेला, काटकोनात सोडा आणि भिंतीशी फट ठेवू नका.

चौथी गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. दिसायला नीट म्हणून लोक उतार भिंतीला समांतर लावतात किंवा मधोमध सोडतात. पडलेला बेडूक, उंदीर, खार, कुणीही असो, भिंत धरून पोहतो. वाटेत आडवं काही आलं तरच त्याला ते सापडतं. आणि चटई व भिंत यांच्यामध्ये दोन बोटं जरी फट राहिली तरी तो त्या फटीतून पुढे जातो आणि पुन्हा फेरी सुरू करतो.

४० हजार लिटरच्या पूलला किमान दोन उतार लावा. एक स्किमरच्या तोंडाच्या थोडं अलीकडे, पाणी ज्या बाजूने वाहत येतं तिकडे, कारण पंप चालू असताना तरंगणारं सगळं तिकडेच ढकललं जातं. दुसरा समोरच्या कोपऱ्याजवळ. पोहायच्या वेळी काढून ठेवा, संध्याकाळी परत सोडा. हे काम वॉचमनच्या रोजच्या यादीत घाला, नाहीतर आठवड्यात विसरलं जातं.

कुत्र्या-मांजरांना हा उतार पुरत नाही, त्यांना पायऱ्या लागतात. पायऱ्या बहुतेक पूलना असतात, पण पाण्यातून त्या दिसत नाहीत. घाबरलेलं कुत्रं जिथे पडलं तिथेच नखं मारत राहतं. घरात कुत्रा असेल तर त्याला पट्ट्याला धरून पाण्यात न्या आणि वेगवेगळ्या बाजूंनी पायऱ्यांपर्यंत पोहत यायला लावा. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना उंच कुंड्या ठेवल्या की त्याला लांबून खूण मिळते.

## ३. रात्रीचे दिवे बदला

पूलच्या कडेचे पांढरे झगझगीत दिवे रात्रभर चालू ठेवायची हौस असेल तर पुढची साखळी लक्षात घ्या. दिव्याला किडे, किड्यांना बेडूक आणि पाली, बेडकांना दिवड आणि धामण. पावसाळ्याच्या तोंडावर तर पंखवाला मोठा पाणढेकूणही दिव्याकडे उडत येतो आणि पाण्यात पडतो. त्याचा चावा विषारी नसला तरी चांगलाच झोंबतो.

दिवे पिवळ्या छटेचे करा, खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेलं असतं ते. प्रकाश पाण्यावर न पडता खाली फरशीवर पडेल अशी टोपी बसवा. आणि रात्री दहानंतर पूलचे दिवे बंदच. सुरक्षेसाठी प्रकाश हवा असेल तर तो फाटकाशी असू द्या, माणूस आला की लागणारा सेन्सरवाला दिवा लावा.

पाण्यातच किडे दिसायला लागले, वल्ह्यासारखे पाय मारत सरसर पळणारे, तर ते शेवाळाचं निदान समजा. काही किडे शेवाळ खातात, काही ते खाणाऱ्या किड्यांना खातात. नुसते जाळीने काढत बसलात तर दोन दिवसांत परत तेवढेच. भिंती आणि पायऱ्यांचे कोपरे ब्रशने घासा, क्लोरीन जागेवर आणा, शेवाळ गेलं की किडेही जातात.

## ४. स्किमरच्या बास्केटमध्ये हात घालू नका

नव्या पूलमालकाला कुणी हे सांगत नाही. स्किमरचं झाकण म्हणजे काठावरची गोल किंवा चौकोनी टोपी. तिच्याखाली ओलसर, अंधारी, थंड जागा असते, आत पाण्यासोबत वाहत आलेले बेडूक असतात, आणि ते खायला आलेली दिवड त्याच बास्केटमध्ये वेटोळं करून बसलेली असते. माळी रोजच्या सवयीने टोपी उचलतो आणि न बघता हात घालतो.

बरोबर पद्धत: आधी पंप बंद. मग आकड्याने टोपी आपल्या विरुद्ध बाजूला उचलायची, म्हणजे झाकण आपल्या आणि भोकाच्या मध्ये येतं. बॅटरीने आत बघायचं. पानं असली तर तीही काठीने हलवून बघायची. बास्केट बाहेर काढायची तीही आकड्यानेच. रिकामी करायची ती मोकळ्या जमिनीवर, पिशवीत नाही.

बेडूक निघाला तर हातमोजा ओला करून उचला आणि कंपाउंडच्या झाडाझुडपाच्या बाजूला सोडा. अंगावर चामखिळीसारख्या गाठी असलेला जाडा भेक असेल तर त्याच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतून पांढरा चिकट द्रव येतो. तो डोळ्यात जाऊ देऊ नका, नंतर साबणाने हात धुवा. कुत्र्याने भेक तोंडात धरला आणि तोंडाला फेस आला तर तोंड पाण्याने बाजूने धुऊन काढा, पाणी घशात जाऊ देऊ नका, आणि पशुवैद्याला फोन करा.

बेडूक रात्री फिरतात, त्यामुळे पंप दिवसा चालवलात तर स्किमरमध्ये खेचले जाणारे जीव आपोआप कमी होतात. सहा ते आठ तास सलग फिल्टर चालवायचा असेल तर सकाळी सातला सुरू करा. स्किमरच्या तोंडाला जाळी लावायचा मोह होतो, पण पानं अडकून जाळी बंद झाली की पंपाला पाणी मिळत नाही आणि त्याचं सील जळतं. लावायचीच तर रात्री पंप बंद असताना लावा आणि सकाळी काढूनच बटण दाबा.

पावसाच्या पहिल्या आठवड्यात पाण्यावर बेडकांच्या अंड्यांचा बुळबुळीत तवंग किंवा काळ्या मण्यांच्या दोऱ्या दिसतात. बारीक जाळीने त्याच दिवशी काढा आणि बाहेर पावसाचं पाणी साचलेल्या डबक्यात सोडा. दोन दिवस थांबलात तर पिल्लं सुटतात आणि मग फिल्टरपर्यंत सगळीकडे जातात. जूनमध्ये अंगणात पिवळेधमक बेडूक दिसले तर घाबरू नका, विणीच्या काळात या मोठ्या बेडकांच्या नरांचा रंगच तसा होतो. महिन्याभरात त्यांची गर्दी ओसरते.

## ५. पाण्यात साप दिसला तर

बहुतेक वेळा ती दिवड असते: अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन, बिनविषारी, पण चिडकी आणि चावायला तयार. धामणही येते. पण नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत आहेत आणि पोहता सगळ्यांनाच येतं. लांबून, पाण्याच्या हलत्या पृष्ठभागातून साप ओळखायचा प्रयत्न करू नका. कुकरच्या शिट्टीसारखा लांबलचक फूत्कार ऐकू आला तर घोणस धरा आणि मागे व्हा.

क्रम असा:

१. सगळ्यांना पाण्याबाहेर काढा, मुलांना आणि कुत्र्याला घरात पाठवा.

२. पंप बंद करा. चालू पंप सापाला स्किमरमध्ये ओढतो आणि मग तो दिसत नाही. न दिसणारा साप जास्त त्रासाचा.

३. एक माणूस तीन मीटर लांबून नजर ठेवेल, दुसरा १९२६ ला किंवा सर्पमित्राला फोन करेल. दोघांनीही मोबाइलवर व्हिडिओ काढत जवळ जायचं नाही.

४. रुंद फळी लांबूनच पाण्यात तिरकी सोडा, वरचं टोक झाडीच्या दिशेला. सापालाही बाहेरच जायचं असतं. बऱ्याचदा सर्पमित्र पोचायच्या आत तो निघून जातो.

साप मारू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो गुन्हा ठरतो. शिवाय बहुतेक दंश मारायला किंवा पकडायला गेल्यावरच होतात. पूलच्या कडेने कार्बोलिक अ‍ॅसिड किंवा फिनाइल ओतायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्याने साप थांबतो असा भरवसा धरू नका. कार्बोलिक अ‍ॅसिडने माणसाची कातडी मात्र नक्की जळते, आणि पावसात ते वाहून पूलमध्ये येतं. साप पळवायची पावडर, अल्ट्रासोनिक यंत्रं यांवरही पैसे घालू नका.

दंश झालाच तर माणसाला आडवं करा, हात किंवा पाय फळीला हलका बांधून स्थिर ठेवा, अंगठ्या-बांगड्या काढा आणि रुग्णालयात न्या. आवळपट्टी नको, चिरा नको, तोंडाने ओढणं नको, बाबा-बुवा नको. आपल्याकडे मिळणारं प्रतिसर्पविष वर सांगितलेल्या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप पकडून दाखवायला न्यायची गरज नाही.

## ६. आत यायच्या फटी

पंप रूमपासून सुरुवात करा. पाइप आणि केबल भिंतीतून आत येतात तिथली भोकं सिमेंटने बुजवा, आत स्टीलचा काथ्या दाबून मग गिलावा केला तर उंदीर कुरतडत नाही. दाराखाली बोट जाईल एवढी फट असेल तर ब्रशची किंवा रबराची पट्टी लावा. ओव्हरफ्लो पूल असेल तर बॅलन्सिंग टँकचं, म्हणजे गटरातलं पाणी जमा होतं त्या टाकीचं झाकण बघा. ही टाकी जमिनीखाली, डोळ्याआड असते म्हणून कुणी तिच्याकडे बघत नाही, आणि झुरळं, उंदीर, डास तिथेच वाढतात.

पूलच्या तीन-चार मीटर परिघात विटांचा ढीग, फुटक्या फरश्या, नारळाच्या झावळ्या, सरपण ठेवू नका. घोणशीला पालापाचोळा आवडतो, उंदरांना ढीग, आणि धामणीला उंदीर.

डोंगराला लागून प्लॉट असेल तर त्या बाजूला सापाचं कुंपण करता येतं: ६ मिलिमीटर भोकाची जस्ताची वेल्डेड जाळी, ९० सेंटिमीटर उंच, १५ सेंटिमीटर जमिनीत गाडलेली, आणि बाहेरच्या बाजूला साधारण ३० अंश झुकलेली. खांब आतल्या बाजूला हवेत, बाहेर असतील तर साप त्यावरूनच चढतो. जाळीला टेकलेलं गवत दर पंधरा दिवसांनी कापायचं. हा खर्च सगळ्यांना लागत नाही, गावठाणातल्या किंवा सेक्टरच्या मधल्या प्लॉटवर तर मुळीच नाही.

एक चूक आवर्जून सांगायला हवी. मळ्यात पक्ष्यांसाठी लावतात ती नायलॉनची मऊ जाळी लोक स्वस्त म्हणून जमिनीलगत लावतात. साप त्यात डोकं घालतो, खवल्यांमुळे मागे येता येत नाही, आणि तासन्‌तास अडकून मरतो किंवा चवताळलेला सापडतो. जमिनीलगत ती जाळी नकोच.

उंदरांसाठी पूलच्या आसपास विषाची वडी ठेवू नका. ती खाल्लेला उंदीर दगावण्याआधी सुस्त होऊन कुठेही पडतो, पूलमध्येही. आणि तो उंदीर खाल्लेलं घुबड किंवा मांजरही दगावू शकतं. पिंजरा वापरा, कचऱ्याच्या डब्याला झाकण लावा, कुत्र्याचं ताट रात्री बाहेर सोडू नका.

## ७. मेलेला प्राणी किंवा विष्ठा निघाली तर

इथे रसायनाचं काम सुरू होतं. घाबरून पूल रिकामा करायची गरज जवळजवळ कधीच नसते.

१. पूल बंद करा. हातमोजे घालून जाळीने प्राणी काढा, दोन पिशव्यांत घालून गाठ मारा. बेडूक, उंदीर, पक्षी अंगणात पूलपासून लांब दोन फूट खोल पुरता येतो. कुत्रा-मांजर असेल तर प्रभाग कार्यालयाच्या स्वच्छता विभागाला कळवा. माकड, घोरपड, साप असा वन्यप्राणी असेल तर पुरू नका, वनविभागाला कळवा.

२. आधी पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) बघा: ७.५ किंवा त्याखाली हवा, पण ७.२ च्या खाली नको. पीएच ८ वर गेला की तोच क्लोरीन निम्म्याहून कमी काम करतो. इथे बहुतेक जण गडबड करतात, पीएच न बघता क्लोरीन ओततात.

३. मोकळा क्लोरीन २ पीपीएमवर (लिटरला २ मिलिग्रॅम) आणा आणि फिल्टर चालू ठेवून अर्धा तास तिथेच टिकवा. आपल्या हवेत पाणी २५ अंशांच्या वर असतंच, त्यामुळे वेळ वाढवायची गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत येऊरकडे पाणी थंड पडलं तर मात्र जास्त वेळ द्या.

४. तोवर जाळीही त्याच पाण्यात बुडवून ठेवा. अर्ध्या तासानंतर स्किमरची बास्केट रिकामी करा, बॅकवॉश घ्या, म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुवा, फिल्टरच्या काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, साधारण दोन-तीन मिनिटं.

४० हजार लिटरला १ पीपीएम वाढवायला ४० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतो. ड्रममध्ये मिळणारं १० टक्क्यांचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, पातळ क्लोरीन) असेल तर सुमारे ४०० मिलिलिटर. ३० टक्क्यांची ब्लीचिंग पावडर असेल तर सुमारे १३० ग्रॅम, ती आधी बादलीत विरघळवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणीच पूलमध्ये घालायचं. हायपो उन्हात ठेवलं की त्याचा जोर झपाट्याने उतरतो, त्यामुळे मे महिन्यात गच्चीवर ठेवलेल्या ड्रममधलं हिशोबाने घालूनही टेस्ट किट शून्य दाखवू शकतं. ड्रम सावलीत ठेवा आणि किटवर विश्वास ठेवा, ड्रमवरच्या लेबलवर नाही.

प्राणी दोन-तीन दिवस पाण्यात राहून कुजला असेल, पाणी गढूळ झालं असेल किंवा वास येत असेल तर २ पीपीएमने भागत नाही. संध्याकाळी १० पीपीएमपर्यंत न्या, भिंती घासा, रात्रभर फिल्टर चालवा, सकाळी बॅकवॉश. क्लोरीन ३ पीपीएमच्या खाली उतरेपर्यंत कुणी उतरायचं नाही.

दोन गोष्टी जीवावर बेतणाऱ्या आहेत. हायपो किंवा ब्लीचिंगच्या बादलीत अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. आणि टीसीसीएच्या (क्लोरीनचाच दुसरा प्रकार) गोळ्या व ब्लीचिंग पावडर एकाच मापाने, एकाच डब्यात वापरू नका, आग लागते. दोन मापं, दोन वेगळ्या रंगांची.

पावसाळ्यात उंदराच्या लघवीतून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. नीट क्लोरीन असलेल्या पूलमध्ये तो जंतू टिकत नाही. धोका आहे तो पंप रूममध्ये साचलेल्या पाण्यात आणि बाहेरच्या गटारात, म्हणून तिथे गमबूट घालूनच जा. पायाला जखम असताना अशा पाण्यातून गेलात आणि पुढे ताप आला तर डॉक्टरांना हे सांगा.

## ८. माकडं, पक्षी, मधमाश्या

माकडं पूलमध्ये अडकत नाहीत, मजेत डुंबतात आणि घाण करून जातात. लाल तोंडाची टोळी एकदा उन्हाळ्यात आली आणि जवळ टेबलवर फळं मिळाली की रोज येते. खाणं बाहेर ठेवू नका, हातातून तर देऊच नका. पूलवर आलेल्या फांद्या तीन मीटरपर्यंत कापून घेतल्या की त्यांची उडी मारायची जागा जाते. पण फांदी छाटायलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्जासोबत झाडाचे दोन बाजूंचे फोटो, मालमत्ता कराची पावती आणि सोसायटी असेल तर समितीचं पत्र जोडा. अर्ज फेब्रुवारीतच करून ठेवा, पावसाच्या तोंडावर त्या विभागात धोकादायक झाडांची गर्दी असते.

माकडाने ओरबाडलं, कुत्रं किंवा मांजर चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जा. बुडणारं कुत्रं काढतानाही चावतं, म्हणून हाताने नाही, चादरीची झोळी करून काढा.

कावळ्यांचा उपद्रव वेगळा. वाळका पाव, हाडं, कोळंबीची टरफलं आणून ते काठावर बसून पाण्यात बुडवून मऊ करतात. कबुतरांना शेजारी कुणी दाणे टाकत असेल तर पूलवरच्या विष्ठेचा उपाय तिथूनच सुरू होतो, विनवणी करून. विष्ठा पडली तर कृती वर सातव्या भागात दिलेलीच.

मार्च ते मे मधमाश्या काठावर पाणी प्यायला बसतात आणि अनवाणी पायाखाली येतात. पूलपासून लांब, सावलीत, खडे घातलेली पाण्याची परात फेब्रुवारीपासूनच ठेवा. एकदा त्यांना पूलची सवय लागली की मग परातीकडे वळवणं अवघड. पोळं जाळू नका.

पावसाळ्यात डोंगराकडच्या प्लॉटवर खेकडे येतात. जाळीने उचला, ओढ्याच्या बाजूला सोडा, झालं.

## ९. बिबट्या आणि घोरपड

येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतलं गाव आहे. उन्हाळ्यात रात्री बिबट्या पूलवर पाणी पिऊन गेला तर त्यात आक्रीत काही नाही. कॅमेऱ्यात दिसला तर १९२६ ला कळवा, व्हिडिओ गटांवर फिरवू नका, कारण सकाळी बघ्यांची गर्दी होते आणि खरा धोका तिथे तयार होतो. रात्री कुत्रा बाहेर बांधू नका, बिबट्या येतो तो बहुतेक त्यासाठीच. अंधार पडल्यावर पोहायचं असेल तर लहान मुलांना एकटं काठावर सोडायचं नाही.

घोरपड आत पडली तर फळी सोडा आणि लांब व्हा. शेपटीचा फटका जोरात बसतो, आणि तिला पकडणं हाही कायद्याने गुन्हा.

## १०. बंद आणि रिकामा पूल

पावसाळ्यात पोहायचं नाही म्हणून पूल रिकामा करून ठेवणं ही सगळ्यात वाईट कल्पना. खाली वीतभर पावसाचं पाणी साचतं, भिंती उंच, पायऱ्यांचं शेवटचं टोक अधांतरी, आणि आत पडलेला प्रत्येक जीव अडकतो. उलवे, ऐरोलीसारख्या खाडीलगतच्या भरावाच्या जमिनीवर तर आणखी एक धोका: पावसात जमिनीतलं पाणी वर येतं आणि रिकाम्या पूलचं काँक्रीट खालून उचलतं, तडे जातात. दुरुस्तीसाठी रिकामा करायचाच असेल तर ऑक्टोबरनंतर करा आणि आत दोन फळ्या तिरक्या लावून ठेवा.

भरलेला ठेवायचा तर दिवसातून काही तास पंप चालवा आणि क्लोरीन १ पीपीएमच्या खाली जाऊ देऊ नका. चालत्या, क्लोरीन असलेल्या पाण्यात डास अंडी घालून वाढत नाहीत. थांबलेल्या पाण्यात डासाचं अंड्यापासून डासापर्यंत सात ते दहा दिवसांत होतं, म्हणजे आठवड्याभराची सुट्टी पुरते. ताडपत्री घातली असेल तर तिच्या खोलगट भागात साचणारं पाणी दर दोन-तीन दिवसांनी झटका. पूल स्वच्छ आणि ताडपत्रीवर अळ्या, असं सर्रास होतं आणि महापालिकेच्या फवारणी पथकाला तेवढंच नोटिशीला पुरतं. तरंगतं बबल कव्हर असेल तर उतार त्याच्या वर येईल असा लावा, खाली गेलेला बेडूक बाहेर येत नाही.

पूल सहा महिने वापरायचाच नसेल तर क्लोरीन पूर्ण उतरू द्या आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाकडून गप्पी मासे मागून सोडा. जळकं ऑइल किंवा रॉकेल ओतू नका, टाइल आणि फिल्टरची वाळू दोन्ही कामातून जातात. पुढच्या हंगामात पूल सुरू करताना गप्पी काढून दुसऱ्या बंद टाकीत द्या. उपवन किंवा मासुंदा तलावात सोडू नका, ते परदेशी मासे आहेत आणि तिथल्या माशांची अंडी, पिल्लं खातात. जुनं पाणी सोडताना त्यात क्लोरीन किंवा मोरचूद शिल्लक असेल तर ते थेट नाल्यात जाऊ देऊ नका. क्लोरीन उन्हात तीन-चार दिवसांत उतरतो, किट शून्य दाखवेल तेव्हा पाणी सोडा. मोरचूद मात्र उन्हाने जात नाही, त्यामुळे शेवाळासाठी तो मुळातच न वापरलेला बरा.